बिनवासाची माणसं

डॉ. केतकी सामंत हिला डासांबद्दल कधीच विशेष आस्था नव्हती. लोक तिला 'डासवाल्या बाई' म्हणायला लागले ते फार पुढे. तिचा जीव जडला होता तो एका भुंगेऱ्यावर.

आंबोलीच्या जंगलात, डोंगळ्यांच्या बिळांमध्ये, तांदळाच्या दाण्याएवढा एक तपकिरी भुंगेरा राहतो. डोंगळे ही काही पाहुणचार करणारी जात नव्हे. प्रत्येक बिळातल्या डोंगळ्यांच्या अंगाला आपापला ठरलेला वास असतो, आणि मिशा फिरवून ते तो तपासत असतात. शेजारच्या बिळातला डोंगळा वाट चुकून आत आला तर त्याचे तुकडे करून बाहेर टाकतात. हा भुंगेरा मात्र त्यांच्या भर गर्दीतून हिंडतो, त्यांची अंडी खातो, आणि त्याला कोणी हटकत नाही. डोंगळे त्याच्या अंगावरून मिशा फिरवतात आणि खड्यावरून जावं तसे पुढे जातात.

केतकी मूळची रसायनशास्त्राची. पुण्यात तिने पीएच.डी. केली ती काचेच्या चंबूत नवे रेणू बांधण्यावर. सुट्टीत सावंतवाडीला घरी आली असताना तिने आंबोलीला एका मित्राबरोबर हा भुंगेरा पाहिला आणि तिच्या डोक्यात एकच प्रश्न बसला. या प्राण्याला वासच कसा नाही? पुढची दहा-बारा वर्षं या प्रश्नाने खाल्ली. लग्न झालं, सानिका झाली, नवरा उपेंद्र पुण्याची नोकरी सोडून सावंतवाडीच्या शाळेत गणित शिकवायला लागला, कारण केतकीने घाटाच्या पायथ्याशी दाणोलीला कीटक-रसायनांचं एक छोटं संशोधन केंद्र उभं केलं होतं. तिथून डोंगळ्यांची बिळं जवळ होती.

उत्तर मिळालं ते असं. भुंगेऱ्याच्या अंगाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. कुठल्याही प्राण्याच्या अंगाला वास येतो तो बराचसा त्याच्या कातडीवर राहणाऱ्या जिवाणूंमुळे. अंगावरचा स्निग्धांश आणि घाम हे मोठे, जड रेणू असतात, ते हवेत उडत नाहीत. जिवाणू ते फोडतात, आणि फोडल्यावर जे हलके तुकडे उरतात, ते हवेत उडतात आणि नाकाशी पोचतात. भुंगेऱ्याच्या पाठीवरची एक ग्रंथी असा एक पदार्थ पाझरत होती, जो जिवाणूंच्या या फोडणाऱ्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, खाचेत जाऊन बसायचा आणि उठायचाच नाही. जिवाणू जिवंत, धडधाकट, पण त्यांचा अडकित्ता बंद.

हजारो भुंगेऱ्यांच्या ग्रंथी जमवल्या तेव्हा कुठे चिमूटभर पदार्थ हाती आला. त्याची रचना उलगडली. पाच अणूंचं कडं आणि त्याला एक लांब शेपूट. मग केतकीने तो रेणू स्वतः बांधायला घेतला. पहिल्यांदा बांधला तो काही केल्या चालेना. तिने त्याची उलट्या घडणीची जोडी बांधली, आरशात दिसावी तशी, आणि ती पहिल्याच खेपेला चालली. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात चढत नाही, तसंच ते होतं.

त्या वेळी तिच्या हाताखाली इम्तियाज काझी नावाचा तिचा पहिला विद्यार्थी काम करत होता. रत्नागिरीचा, कमी बोलणारा, हाताने फार स्वच्छ काम करणारा. तो पदवी मिळवून एका अत्तर कंपनीत गेला, त्याने शबानाशी लग्न केलं, वर्षातून एकदा ईदला फोन करायचा. केतकीचा शोधनिबंध छापून आला, परदेशातल्या दोन-चार लोकांनी कौतुक केलं आणि गोष्ट तिथेच थांबली असती.

एके दिवशी सकाळी इम्तियाज न कळवता केंद्राच्या पायरीवर येऊन बसलेला दिसला. त्याची दाढी वाढली होती.

"मॅडम, सादिया गेली," तो म्हणाला. सादिया त्याची सात वर्षांची मुलगी. "डेंग्यू. चार दिवसांत."

केतकी त्याच्या शेजारी पायरीवरच बसली. तो म्हणाला, "आपला रेणू. माणसाच्या कातडीवर चालेल का?"

माणसाच्या कातडीवरही तसेच जिवाणू असतात आणि तेच काम करतात. डासाला माणूस सापडतो तो आधी श्वासामुळे आणि अंगाच्या उबेमुळे, पण हे माणूसच आहे ही खात्री त्याला पटते ती कातडीवरून उडणाऱ्या हलक्या आम्लांच्या वासाने. ती खात्री पटली नाही तर डास जवळ येतो, भिरभिरतो आणि निघून जातो. हे सगळं केतकीला माहीत होतं. भुंगेऱ्याशी त्याची सांगड घालायचं तिच्या कधी मनात आलं नव्हतं, एवढंच.

त्यांनी सात-आठ वर्षं त्यावर काम केलं. रेणू कारखान्यात बनवणं फार महाग पडत होतं, म्हणून त्यांनी भुंगेऱ्याची जनुकं माणसाच्या कातडीवरच्या एका निरुपद्रवी जिवाणूत घातली. आता तो जिवाणूच तिथे बसून पदार्थ पाझरवू लागला. मलम एकदा लावलं की पावसाळाभर पुरायचं. हातातून हातात, अंथरुणातून अंथरुणात जिवाणू पसरायचे, त्यामुळे घरातला एखादा लावायचा राहिला तरी त्यालाही ते मिळायचं. सगळ्या चाचण्या झाल्या. लहान मुलांवर, गरोदर बायकांवर, म्हाताऱ्यांवर. पुरळ नाही, खाज नाही, काही नाही. मलमाला सरकारने नाव दिलं 'निर्गंध'. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत ते पहिल्यांदा वाटलं गेलं, आणि मोहिमेचा प्रमुख म्हणून इम्तियाज ओरोसच्या जिल्हा कार्यालयात बसू लागला.

दुसऱ्या पावसाळ्यात दोन्ही जिल्ह्यांत डेंग्यूने एकही मूल दगावलं नाही. इम्तियाजने केतकीला एका सरकारी दवाखान्यात नेलं आणि मुलांचा कक्ष दाखवला. खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. तो खिडकीशी उभा राहून बराच वेळ त्या खाटांकडे बघत राहिला.

पुढच्या वर्षी, २०४३च्या श्रावणात, सानिका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. लग्नाआधी लावायची तसं याही वर्षी तिने आल्याबरोबर मलम लावलं. मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे.

फक्त बाळ पीत नव्हतं. छातीशी धरलं की मान इकडेतिकडे फिरवायचं, ओठ हलवायचं, पण स्तन तोंडाशी असूनही दुसरीकडेच तोंड वळवायचं आणि मग रडायचं. दवाखान्यातल्या सिस्टरनी सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. दूध काढून वाटीचमच्याने दिलं की प्यायचं, बाटलीने दिलं की प्यायचं. "होतं असं," डॉक्टर म्हणाले. "हल्ली बऱ्याच जणींचं होतंय. बाटली चालू ठेवा, वजन वाढतंय ना."

वजन वाढत होतं. पण बाळ कोणाच्याही मांडीवर सारखंच असायचं. आईच्या, आजोबांच्या, कामाला येणाऱ्या बाईंच्या. निजलं तर निजलं, रडलं तर रडलं. सानिका दर वेळी नव्या आशेने त्याला छातीशी घ्यायची आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा अधिक मिटायचा. एकदा ती केतकीला म्हणाली, "आई, तिला मी आवडत नाही."

"असं काही नसतं गं. दोन आठवड्यांचं बाळ ते."

"मला कळतंय ते. तरी वाटतं."

बारशाला उपेंद्रची बहीण शुभांगी जबलपूरहून आली. साठी ओलांडलेली, अंगाने भरलेली, मोठ्याने हसणारी. प्रवासातून आली तशी तिने हातपाय धुतले आणि "आणा इकडे माझ्या नातीला" म्हणत बाळ मांडीवर घेतलं. बाळ कुरकुरत होतं. शुभांगीने ते खांद्याशी धरलं आणि ते गप्प झालं. मग त्याने नाक तिच्या मानेत खुपसलं, मान खाली सरकवत सरकवत तिच्या ब्लाउजशी आलं आणि तोंडाने चाचपायला लागलं. इतक्या ठामपणे, इतक्या घाईने, की खोलीतल्या सगळ्या बायका हसायला लागल्या.

"अगं बाई, आता या वयात माझ्याकडे काय मिळायचंय तुला," शुभांगी म्हणाली आणि तीही हसली.

सानिका उठून आतल्या खोलीत गेली.

केतकी हसली नाही. तिने शुभांगीला विचारलं, "वन्सं, तुमच्याकडे अजून ते मलम आलेलं नाही ना?"

"कुठलं? ते डासांचं? नाही बाई. आमच्या मध्य प्रदेशात अजून कुठलं यायला."

केतकी सानिकाच्या मागे गेली नाही. ती चपला घालून केंद्रात गेली, भुंगेऱ्यांच्या खोलीत जाऊन दिवा लावला आणि काचेच्या पेट्यांसमोर स्टूल ओढून बसली.

गेली वीस वर्षं हे भुंगेरे कधी पेटीत वीण देत नव्हते. नर-मादी शेजारी ठेवले तरी एकमेकांच्या अंगावरून चालत जायचे. दर वर्षी जंगलातून नवे आणावे लागायचे. केतकीने शोधनिबंधात त्यावर एक वाक्य लिहिलं होतं, की बंदिवासात प्रजनन होत नाही. पण मागच्याच वर्षी तिच्या एका विद्यार्थिनीने रानात पाहिलं होतं, की विणीच्या आधी हे भुंगेरे डोंगळ्यांचं बीळ सोडतात, ओल्या पालापाचोळ्यात जाऊन राहतात, त्यांची ग्रंथी सुकते आणि मगच जोड्या जमतात. डोंगळ्यांना जो दिसत नाही तो स्वतःच्या मादीलाही दिसत नाही. त्याला तिच्याकडे जायचं तर आधी वास परत मिळवावा लागतो. विद्यार्थिनीने हे सांगितलं तेव्हा केतकी म्हणाली होती, छान, लिहून काढ.

नवजात बाळाला हातभर अंतरापलीकडचं धूसर दिसतं. ते आईचा आवाज ओळखतं, पण दुधाची वाट शोधतं नाकाने.

दुसऱ्या दिवशी तिने ओरोसहून आकडे मागवून घेतले. ज्या दोन जिल्ह्यांत मलम होतं तिथे अंगावर पिणाऱ्या बाळांचं प्रमाण दोन वर्षांत निम्म्याच्या खाली आलं होतं. कोणीतरी त्यावर शेराही मारला होता, की डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर नियंत्रण हवं.

आकडे पाहून केतकीला अंदाज आला, पण पुरावा नव्हता. पुरावा करायचा एकच रस्ता तिला सुचला, आणि तो तिच्या स्वतःच्या धंद्यातला होता.

सानिका कॉलेजात असताना पहिल्या चाचणीसाठी स्वयंसेवक हवे होते, तेव्हा ती उत्साहाने आली होती. मलम लावण्यापूर्वी तिच्या हाताला, मानेला कापूस फिरवून त्यावरचा वास यंत्रात सोडला होता. त्या यंत्रात एक केसासारखी बारीक, मैलभर वाटावी अशी गुंडाळलेली नळी असते. वासातला एकेक घटक तिच्यातून आपापल्या वेगाने जातो आणि वेगळा होऊन बाहेर पडतो. सानिकाचा वास त्या केंद्रात चाळीसेक शिखरांच्या आलेखाच्या रूपात पडून होता. कुठलं आम्ल किती, कुठला कीटोन किती.

केतकीने तो वास परत बांधायला घेतला.

बरेचसे घटक बाटल्यांमध्ये तयार होते. दोन नव्हते. ते तिने स्वतः बनवले. कित्येक वर्षांनी ती अशी चंबूपाशी उभी होती. एरवी ही कामं विद्यार्थी करायचे. हात सुरुवातीला अडखळले, मग त्यांना आठवलं. उपेंद्र डबा घेऊन यायचा आणि ती काय करते आहे हे न विचारता टेबलावर ठेवून जायचा.

सगळे घटक प्रमाणात मिसळल्यावर जे झालं ते बोकडासारखं आंबूस होतं. तिने ते पातळ केलं. पुन्हा पातळ केलं. आणखी. मग कागदाची पट्टी त्यात बुडवून, वाळवून नाकाशी धरली.

शाळेतून आलेली सानिका. गणवेश डोक्यातून काढताना केस विस्कटलेली, कपाळ घामेजलेलं, 'आई, भूक' म्हणत पोटाशी येऊन चिकटणारी. केतकी स्टूलवर बसली. हा वास घरातून जाऊन दोन वर्षं झाली होती. तो गेलेला तिला कळलाही नव्हता. उपेंद्रचाही गेला होता, तिचा स्वतःचाही. घर नुसतं स्वच्छ झाल्यासारखं वाटत होतं.

घरी जाऊन तिने सानिकाला सगळं सांगितलं. भुंगेऱ्याचं, शुभांगीचं, आकड्यांचं. मग सानिकाने बाटलीतला एक थेंब छातीवर लावून घेतला आणि बाळाला जवळ धरलं. बाळाने नाक हलवलं, मान वळवली, चाचपलं, आणि तोंड लावलं. खोलीत बाळाच्या गिळण्याचा आवाज येऊ लागला. केतकी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

पिणं संपल्यावर सानिका म्हणाली, "म्हणजे आता मी रोज ही बाटली लावायची."

"तात्पुरतं गं. पर्याय शोधते आहे मी."

"हा माझा वास आहे ना, आई?"

"हो. अगदी तुझा."

"मग तो तुझ्या बाटलीत काय करतोय?" तिचा आवाज चढला नव्हता. "आधी तू काढून घेतलास, आता तू देतेयस. तुला राग येईल, पण मला हे माझं वाटत नाही. ती मला ओळखत नाहीये. ती तुझी बाटली ओळखतेय."

दोन दिवसांनी सानिका नाशिकला सासरी निघाली. तिथे मलम नव्हतं. त्या जिवाणूंना मारणारा साबण केतकीने तिला करून दिला. महिनाभर रोज त्याने अंघोळ कर, म्हणजे हळूहळू परत येईल, असं सांगितलं. बाटलीही दिली. सानिकाने बाटली घेतली. जाताना वाकून नमस्कार केला, पण गळ्यात पडली नाही.

केतकी ओरोसला इम्तियाजकडे गेली. त्याने तिला नेहमीप्रमाणे स्वतः उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती बाळं दगावली, मॅडम?"

"एकही नाही."

"वाटीचमच्याने, बाटलीने पितात. वाढतात."

"वाढतात."

"आणि आधी किती मुलं जायची ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग मला सांगा, मी काय थांबवायचं?"

"गरोदर बायकांना तेवढं वगळता आलं असतं तर मी इथे आलेच नसते," केतकी म्हणाली. "पण आपण ते पसरणारं बनवलंय. नवऱ्याला दिलं की बायकोला मिळतं. एकीला वगळायचं तर सगळं घर वगळावं लागतं, घर वगळायचं तर गाव. मला असा जिवाणू बनवायचाय, जो मलमातल्या एका पदार्थावाचून जगणार नाही. रोज लावलं तर राहील, सोडलं की आठवड्यात मरेल, आणि दुसऱ्याच्या अंगावर गेला तर टिकणार नाही. मला एक वर्ष लागेल. तोवर हा थांबवायला हवा. आता तो सगळ्या राज्यात जायचाय, इम्तियाज. एकदा तिकडे पसरला तर परत बोलावता येणार नाही."

"म्हणजे एक पावसाळा उघडा."

"हो."

"त्या पावसाळ्यात जी मुलं जातील, त्यांच्या घरी काय सांगायचं? की तुमच्या शेजाऱ्याच्या बाळाला दूध पिता यावं म्हणून?"

केतकी म्हणाली, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू हे विचारशील म्हणून येताना रस्ताभर शोधत होते."

चहा तसाच राहिला. इम्तियाजने तिला गाडीपर्यंत सोडलं, दार उघडून धरलं आणि म्हणाला, "समितीपुढे तुम्ही मांडा. मी विरोध करणार. तुमच्याविरुद्ध पहिल्यांदाच बोलेन, तेव्हा आधीच सांगतो."

"सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली.

समितीची बैठक मुंबईत व्हायची होती. तिच्या आदल्या रविवारी दुपारी इम्तियाज तिच्या घरी आला. उपेंद्रने त्याला पाणी दिलं. तो ओटीवरच्या बाकावर बसला आणि पाण्याचा पेला हातात धरून म्हणाला, "शबानाकडे सादियाचा एक फ्रॉक आहे. तिने तो कधी धुतला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात सगळ्यात मागे ठेवलाय. अधूनमधून काढते आणि पाच मिनिटं बसते. मला माहीत आहे हे तिला ठाऊक नव्हतं."

केतकी येऊन त्याच्या शेजारी बसली.

"तुम्ही गेलात त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला म्हटलं, मला दे. तिने दिला. आता फार काही राहिलं नाहीये त्यात. पण आहे, मॅडम. खोबरेल तेल आणि तिची मान. मी तिथे बसलो आणि मला शेजारच्या मुलीचं आठवलं. तीही सातच वर्षांची आहे. रोज आमच्याकडे खेळायला येते. तिचं जाकीट आमच्या खुर्चीवर राहिलं होतं. मी ते नाकाला लावलं. नव्या कापडासारखं. तिथे कोणी नव्हतंच."

त्याने पेला खाली ठेवला.

"मी त्या मुलीला वाचवलंय, हे खरं आहे. ते मी सोडणार नाही. पण तिचं काहीतरी माझ्याकडून पुसलं गेलंय हेही खरं आहे. मी बैठकीत विरोध करणार नाही. मीच मांडतो. तुम्ही मांडलंत तर म्हणतील, शास्त्रज्ञ बाईंना नात झाली म्हणून. मी म्हटलं तर तसं म्हणता येणार नाही."

त्यानेच मांडलं. बैठक बराच वेळ चालली, आवाजही चढले. शेवटी राज्यभराची मोहीम पुढे ढकलली गेली आणि दोन जिल्ह्यांत जिवाणू मारणारा साबण वाटायचं ठरलं. वर्तमानपत्रांनी केतकीला आधी जितकं डोक्यावर घेतलं होतं तितकंच आता खाली आपटलं. तिने वाचणं सोडलं.

हिवाळ्यापर्यंत माणसांना वास परत आला. एसटीत बसल्यावर लोक एकमेकांकडे बघायचे आणि काचा उघडायचे. शाळेत शिक्षक तक्रार करायचे. सानिकाचा फोन आला, "बाटली संपली, आई. आता लागत नाही," एवढंच म्हणाली, आणि मग पलीकडून बाळ हसल्याचा आवाज ऐकवला. बाळाचं नाव रेवा ठेवलं होतं.

आणि पावसाळा आला. गावोगाव पाणी साठवलेली पिंपं उपडी केली, धूर केला, मच्छरदाण्या वाटल्या. तरी डेंग्यू आला. दवाखान्यातल्या गाद्या पुन्हा पसरल्या गेल्या. बहुतेक मुलं बरी झाली. कुडाळजवळच्या एका वाडीतला सहा वर्षांचा मुलगा गेला.

इम्तियाजने फोन करून त्याचं नाव सांगितलं. दोघंही त्या घरी गेले. जायचं की नाही यावर ते बोलले नाहीत. मुलाच्या बापाने खुर्च्या दिल्या आणि तो आत निघून गेला. आई भिंतीला टेकून बसली होती. इम्तियाजने आपण कोण ते सांगितलं. काही लपवलं नाही.

मग तिने केतकीला विचारलं, "तां औषद परत येतलां काय?"

"येतलां. थोडां वेगळां," केतकी म्हणाली.

"बेगीन हाडा." लवकर आणा, एवढंच तिचं म्हणणं.

परतताना गाडीत इम्तियाज म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." केतकीने मान हलवली. दाणोलीला उतरल्यावर ती घरी गेली नाही, सरळ प्रयोगशाळेत गेली.

वर्ष म्हटलं होतं, त्याहून थोडं अधिक लागलं. नवा जिवाणू दोनदा फसला. एकदा मलमावाचूनही जगत राहिला, एकदा मलम असूनही मेला. तिसऱ्या खेपेला साधला. इम्तियाज शनिवार-रविवार ओरोसहून येऊन तिच्याबरोबर बाकाशी उभा राहायचा. त्याचे हात अजून तसेच स्वच्छ चालत होते. पुन्हा सगळ्या चाचण्या झाल्या, आणि या वेळी बाळंतिणींच्या खोलीत बसून बाळं पितात की नाही हे बघणारी माणसंही नेमली गेली. नव्या डबीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, की शेवटच्या महिन्यात आणि बाळ अंगावर पितं तोवर आईने लावू नये. तिला मच्छरदाणी मिळेल, बाकीच्या घराला मलम.

जूनच्या सुरुवातीला सानिका रेवाला घेऊन आली. रेवा आता धावत होती, अंगणातल्या सगळ्यांना आपली मतं सांगत होती, आणि दमली की कोणालाही न विचारता सानिकाच्या मांडीत शिरून झोपत होती. तिचं अंगावर पिणं सुटून बरेच महिने झाले होते. हवा दमट होती, आभाळ भरून आलं होतं. दाणोलीत डास झाले होते.

जेवणं झाल्यावर केतकीने नव्या मलमाची डबी आणून टेबलावर ठेवली. सानिकाने ती उचलली, पाठीमागचं सगळं वाचलं.

"तू लावलंस?" तिने विचारलं.

"या पावसाळ्यात अजून नाही. तुझ्यासाठी थांबले होते. लावायचं की नाही हे या वेळी तूच ठरव. रेवाचंही."

"नाही लावलं आणि तिला चावला तर?"

"तर चावला."

सानिकाने डबीचं झाकण फिरवलं, पुन्हा बंद केलं. "लावायला तर हवंच," ती म्हणाली. "सोडलं की आठवड्यात वास परत येतो ना नक्की?"

"नक्की. मी माझ्यावर सात वेळा करून बघितलंय. तुझे बाबा साक्षीला आहेत."

आतल्या खोलीतून उपेंद्र म्हणाला, "आहे. आठव्या वेळी मी नाही म्हटलं."

सानिका हसली. रेवा तिच्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं, केस घामाने कपाळाला चिकटलेले. सानिकाने मान वळवून तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तशीच थांबली. मग तिने रेवाला अलगद उचलून केतकीच्या हातात दिलं. केतकीनेही तेच केलं. दूध, माती, दुपारी खाल्लेला आंबा, आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याचा आलेख तिने काढला नव्हता.

"आज राहू दे," केतकी म्हणाली. "आज मच्छरदाणी लावू. उद्या सकाळी लावू मलम."